दहावीचा अभ्यास आणि टेन्शन : भूमितीत १७ पडल्यावर मी काय काय बदललं

जानेवारीत पूर्वपरीक्षेचा भूमितीचा पेपर हातात पडला. वर लाल शाईत १७. चाळीसपैकी. पेपर दुमडून दप्तरात कोंबला, एसटीत खिडकीशी बसले आणि कराडपासून गाव येईपर्यंत एकदाही बाहेर बघितलं नाही. मार्क कमी पडले याचं दुःख होतंच, पण खरी टोचणी वेगळी होती. भूमितीचा अभ्यास मी सगळ्यात जास्त केला होता. प्रमेयं तर तोंडपाठ होती.

प्रमाणाचं मूलभूत प्रमेय पेपरात आलं होतं : त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा उरलेल्या दोन बाजूंना एकाच प्रमाणात छेदते, ते. पुस्तकात त्रिकोण एबीसी आहे, सरांनी एलएमएन दिला. एवढ्यानंच माझी गाडी अडली. कुठला बिंदू कुठे जोडायचा तेच सुचेना, कारण मला प्रमेय येत नव्हतं, पुस्तकातलं पान येत होतं.

बोर्डाची परीक्षा २१ फेब्रुवारी २०२५ ला सुरू होणार होती. हातात सहा आठवडे. त्या सहा आठवड्यांत जे केलं आणि जे खरं तर जूनपासूनच करायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे. आता मी अकरावीला आहे. शेजारच्या काकूंचा मुलगा दहावीला आहे, तो रोज संध्याकाळी येऊन एकेक प्रश्न विचारतो. त्याला जे सांगितलं तेच नीट लावून लिहिलंय. मी काही बोर्डात आलेली नाही, त्यामुळे ‘९९ टक्के कसे मिळवावेत’ हे इथे सापडणार नाही.

१. मार्क कुठे ठेवलेत ते आधी शोधा

मला जानेवारीपर्यंत एक साधी गोष्ट माहीत नव्हती : पेपरात कुठल्या प्रश्नाला किती मार्क असतात. सर सांगत असणार, मी ऐकलं नव्हतं. सहा विषय, प्रत्येकी १००, एकूण ६००. प्रत्येक विषयातले २० तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे, उरलेले ८० लेखी. मराठी, हिंदी, इंग्रजीचा एकेक पेपर ८० चा आणि तीन तासांचा. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांचे दोन-दोन पेपर, ४० चे आणि दोन तासांचे. टक्केवारी काढताना सगळ्यात चांगले पाच विषय धरतात, पण पास मात्र सहाही विषयांत व्हावं लागतं.

आता गणिताचा पेपर उघडून बघा. पहिला प्रश्न ८ मार्कांचा : चार पर्यायी, चार एकेक मार्काचे. दुसरा १२, तिसरा ९, चौथा ८, पाचवा ३. सगळे ज्याला घाबरतात तो चौथा आणि पाचवा मिळून होतात ११. पहिले तीन मिळून २९. शिवाय दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात ७ मार्कांच्या ‘कृती पूर्ण करा’ असतात. उदाहरण निम्मं सोडवलेलं असतं, आपण फक्त चौकटी भरायच्या. मी डिसेंबरभर चौथ्या प्रश्नाच्या उदाहरणांशी झटापट करत होते आणि कृतींचा सराव एकदाही केला नव्हता.

मराठीतही हीच गंमत. ८० पैकी २४ मार्क उपयोजित लेखनाला. पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा, निबंध. आणखी १६ भाषाभ्यासाला. म्हणजे ४० मार्क, निम्मा पेपर, धड्या-कवितांच्या बाहेरचा! आणि आपण काय पाठ करत बसतो? कवितेचा भावार्थ. विज्ञानाच्या दोन्ही भागांत तिसरा प्रश्न १५ मार्कांचा असतो : आठपैकी पाच सोडवायचे, प्रत्येकी तीन मार्क. तिथे आकृत्या आणि फरक स्पष्ट करा येतात, म्हणून आकृत्यांना हात बसवणं फायद्याचं.

हे एका दुपारी होतं. मागच्या वर्षाचा एक पेपर घ्या, वहीत प्रत्येक विषयाला एक पान द्या आणि प्रश्नाप्रमाणे मार्क मांडा. मला त्या दुपारनंतर पहिल्यांदा बरी झोप लागली. डोंगर तेवढाच होता, पण वाट कुठून जाते ते कळलं.

२. प्रत्येक धड्याला एक खूण

मग अनुक्रमणिका काढा आणि प्रत्येक धड्यापुढे तीनपैकी एक खूण करा. बरोबर : पुस्तक मिटून लिहिता येतं. अर्धचंद्र : बघितलं की आठवतं. शून्य : डोक्यावरून जातं.

इथे स्वतःशी लबाडी सगळ्यात जास्त होते. मी पहिल्यांदा भूमितीत सात धड्यांपैकी पाचांना बरोबर दिलं. १७ मार्कांचा पेपर समोर ठेवून परत केलं तेव्हा दोन बरोबर उरले. अर्धचंद्राची जागा फार फसवी असते. पान उघडलं की सगळं ओळखीचं वाटतं, शेजारच्या गल्लीतल्या माणसासारखं. नाव विचारलं की येत नाही.

वेळ कमी असेल तर आधी अर्धचंद्र हातात घ्या, शून्य नंतर. अर्धचंद्राचं बरोबर व्हायला दोन दिवस पुरतात, शून्याला आठवडा जातो. फक्त शून्यातला एखादा धडा जास्त मार्कांचा असेल तर त्याला सुट्टी नाही. माझा त्रिकोणमितीचा होता. तो दादाकडून तीन रविवारांत समजून घेतला.

३. वेळापत्रक : खरे तास मोजा

नोव्हेंबरात मी एक वेळापत्रक केलं होतं. पहाटे चारला उठणे, रात्री अकराला झोपणे, मधे सहाही विषय, स्केचपेनानं रंगवलेलं. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी सहाला उठले आणि दिवस हातातून गेला असं धरून काहीच केलं नाही. असं वेळापत्रक अभ्यासापेक्षा अपराधीपणाच जास्त वाढवतं.

दुसऱ्यांदा उलटं केलं. आठवडाभर फक्त लिहून ठेवलं की वेळ जातो कुठे. सकाळी साडेसहाला क्लास, मग शाळा, मग एसटीची वाट बघणं, घरी यायला सहा. हातपाय धुऊन, चहा पिऊन बसायला सात. सात ते साडेनऊ आणि पहाटे पाऊण तास. म्हणजे सव्वातीन तास. मला वाटत होतं माझ्याकडे आठ तास आहेत आणि मी आळशी आहे. आळशी नव्हते, हिशेब चुकला होता.

सव्वातीन तासांचे चार तुकडे केले. रात्री दोन अवघड विषयांचे, एक सोप्याचा, पहाटेचा पाऊण तास काल केलेलं न बघता लिहायला. प्रत्येक तुकड्यात काय करायचं ते आकड्यात लिहायचं. ‘बीजगणित’ नाही, तर ‘वर्गसमीकरणं, शाब्दिक उदाहरणं, ६’. सहा झाली की तुकडा संपला, वेळ उरला तरी. रविवारी दुपार पूर्ण मोकळी ठेवली, आठवड्याची थकबाकी भरायला. पाहुणे येतात, लाईट जाते, डोकं दुखतं, लग्नाला जावं लागतं. थकबाकी होणारच.

मोबाईलचं काय? माझा मोबाईल सात ते साडेनऊ आजीकडे असायचा. आजी तो ज्वारीच्या डब्यावर ठेवायची आणि मागायला गेलं की म्हणायची, “आधी आतलं पीठ मळ, मग माग.” त्यापेक्षा अभ्यास परवडायचा. वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप मात्र मी बंद करून टाकला. तिथे रात्री बारा वाजता कोणीतरी ‘माझा सगळा पोर्शन तिसऱ्यांदा झाला’ असं टाकायचं. नंतर कळलं, त्याचा पहिल्यांदाही झाला नव्हता.

४. कोरा कागद

या लेखातलं एकच काही घ्यायचं असेल तर हे घ्या.

मी वर्षभर वाचत होते. मोठ्यानं, मनात, फेऱ्या मारत, पिवळ्या पेनानं रेघा ओढत. शेवटी पुस्तक इतकं पिवळं झालं की न रंगवलेल्या ओळीच उठून दिसायला लागल्या. एवढं वाचून काय येतं हे मात्र कधी तपासलं नाही. पेपरात वाचायला कोणी सांगत नाही. तिथे कोरं पान असतं आणि त्यावर आपण उतरवायचं असतं. मग सरावही त्याचाच हवा ना?

पद्धत अशी. धड्याचा एक भाग, दीड-दोन पानं, शांतपणे एकदा वाचा. पुस्तक मिटा आणि दुसऱ्या खोलीत ठेवा. शेजारी ठेवलं तर हात जातो. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, आकृती काढा. अडलात तरी दोन मिनिटं थांबा, लगेच बघू नका. ती दोन मिनिटं फार चिडचिडीची असतात, पण खरं काम तिथेच होतं. मग पुस्तक आणा आणि राहिलेलं वेगळ्या रंगाच्या पेनानं भरा.

विद्युत चलित्राची आकृती मी पाच वेळा वाचली होती. कागदावर काढायला बसले. चुंबकाचे दोन ध्रुव काढले, मधे आयताकृती कुंडल काढलं, बॅटरी काढली. मग कुंडल आणि बॅटरी जोडायची कशी? तार सरळ जोडली तर कुंडल फिरताना ती पिळून जाईल. पुस्तक उघडलं तर तिथे दोन अर्ध्या कड्या आणि त्यांना टेकलेले कार्बन ब्रश. पाच वेळा वाचताना हे माझ्या नजरेतून निसटलं होतं, कारण डोळ्यांना अडायचं कारणच नव्हतं. आता मात्र ते का लागतं तेच कळलं : अर्ध्या फेऱ्यानंतर प्रवाहाची दिशा उलटते, म्हणून कुंडल एकाच दिशेनं फिरत राहतं. ती आकृती मी आजही डोळे मिटून काढेन.

प्रमेयांसाठी यात एक भर. प्रत्येक वेळी त्रिकोणाला नवी नावं द्या आणि आकृती फिरवून काढा, शिरोबिंदू कधी खाली, कधी उजवीकडे. प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाचा प्राण एकाच वाक्यात आहे : समांतर रेषेची टोकं समोरच्या शिरोबिंदूंना जोडली की जे दोन त्रिकोण होतात त्यांचा पाया एक आणि ते समांतर रेषांमधले, म्हणून त्यांची क्षेत्रफळं समान. एवढं हाती लागलं की अक्षरं कोणतीही येऊ देत.

एकदा लिहिलं की झालं, असं नसतं. जर्मनीत एबिंगहाउस नावाच्या संशोधकानं निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले होते आणि १८८५ मध्ये ते छापले. पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरतं, पण परत आठवत राहिलं की विसरण्याचा वेग कमी होतो, असं त्यातलं सार. मी आज लिहिलेलं उद्या, मग चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी परत कोऱ्या कागदावर उतरवत होते. तिसऱ्या वेळी पाच मिनिटांत व्हायचं.

हे मला एबिंगहाउसच्या आधी पप्पांनी सांगितलं होतं. आमच्याकडे शेतीची लाईट कधी कधी रात्रीची असते. पप्पा उसाला पाणी देऊन दोन वाजता घरी आले तर माझ्या खोलीत दिवा चालू.

“अजून जागी? काय वाचतीयास?”

“भूमिती.”

“कितवं पान?”

मी बघितलं. साडेअकराला होतं तेच.

“झोप जा. उसाला तरी आपण रोज पाणी देतो का? जिरू दे की जरा.”

कागद कुठले वापरायचे? पाठकोरे. दादाच्या कॉलेजच्या प्रिंट, जुन्या वह्यांची उरलेली पानं, लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजू. चांगल्या वहीत लिहिलं की अक्षर सुंदर काढायचा मोह होतो आणि वेग जातो.

५. घड्याळ लावून पेपर

निदान महिनाभर आधी पूर्ण पेपर सोडवायला लागा. निम्मा सोडवून ‘बाकीचं येतंय’ म्हणणं म्हणजे पोहायला जाऊन पाय बुडवून येणं. दोन तास म्हणजे सलग दोन तास, मधे पाणी प्यायलाही उठायचं नाही. जमलं तर सकाळी अकराला बसा, बोर्डाचा पेपर त्याच वेळी असतो.

वेळेचा हिशेब : ४० मार्क, १२० मिनिटं. मार्काला तीन मिनिटं येतात. मी अडीच धरली. शंभर मिनिटांत पेपर, वीस मिनिटं तपासायला. भाषेला मार्काला दोन मिनिटं धरली की १६० मिनिटांत ८० मार्क होतात आणि वीस उरतात. पूर्वी पेपर दहा मिनिटं आधी वाचायला द्यायचे. २०२३ पासून ते बंद झालं आणि ती दहा मिनिटं शेवटी वाढवून मिळायला लागली. माझ्या वेळीही मिळाली. पण घरी सराव करताना ती मोजू नका.

तपासायचा दुसऱ्या दिवशी, आदर्श उत्तरपत्रिका समोर ठेवून आणि कंजूषपणे. मग चुकांची वही. प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर : ‘न’ म्हणजे येत नव्हतं, ‘ह’ म्हणजे येत होतं पण हलगर्जी, ‘व’ म्हणजे वेळ पुरला नाही. चार पेपर झाल्यावर मोजलं तर माझ्या बीजगणितातल्या चुका निम्म्याहून जास्त ‘ह’ होत्या. उणे चिन्ह पुढच्या ओळीत उतरवताना गळलेलं, एकक लिहिलेलं नाही, ‘कोणतेही दोन’ असताना एकच सोडवलेलं. यावर आणखी अभ्यास हा उपाय नव्हता. प्रत्येक समान चिन्हापाशी थांबून मागच्या ओळीतल्या उणे चिन्हावर बोट ठेवायचं, एवढीच सवय लावली. पुढच्या पेपरात पाच मार्क वाढले, एकही नवं उदाहरण न शिकता.

बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, जुने पेपर शाळेत असतातच. अपेक्षित प्रश्नसंच एक पुरे. तीन-तीन आणले की ते बघूनच घाम फुटतो.

६. टेन्शन

“टेन्शन घेऊ नकोस” हे वाक्य मी त्या दोन महिन्यांत इतक्यांदा ऐकलं की त्याचंच टेन्शन यायला लागलं. आपण काही ते दुकानातून घेऊन येत नाही.

माझं टेन्शन पोटात बसायचं. सकाळी काही खाल्लं की मळमळ, तळहात ओले, आणि एकच विचार गोल गोल : पेपर समोर आला आणि काहीच आठवलं नाही तर? गंमत बघा, विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘सामाजिक आरोग्य’ नावाचा धडा आहे, त्यात ताणतणाव कमी करायचे उपाय दिलेत. ते पाठ होत नाहीत म्हणून मी एका रात्री रडले होते.

मला उपयोगी पडलेलं पहिलं काम : भीतीची यादी. पाठकोऱ्या कागदावर, दुसऱ्याला दाखवायची नाही अशी. डाव्या बाजूला भीती, उजव्या बाजूला त्यावर काय करता येईल. ‘केंद्रावर पोचायला उशीर झाला तर’ – एकदा आधी त्या एसटीनं जाऊन यायचं, ती चुकली तर कोणाच्या गाडीवर जायचं ते ठरवायचं. ‘कंपास विसरला तर’ – दोन, एक दप्तरात कायमचा. ‘काहीच आठवलं नाही तर’ – पेपर कुठल्या प्रश्नापासून सुरू करायचा ते आधी ठरवायचं. ‘मैत्रिणीला ९५ आणि मला ७० पडले तर’ – इथे उजवीकडे लिहायला काही नव्हतं. ती ओळ तशीच ठेवली. बारा भीतींपैकी आठांवर काही ना काही करता येत होतं. उरलेल्या चार निदान कागदावर गेल्या, उशीखालून हलल्या.

दुसरं, श्वास. चार आकडे मोजत आत, सहा-सात आकडे मोजत बाहेर, आठ-दहा वेळा. बाहेर सोडणं लांब हवं, तिथेच छातीची धडधड उतरते. पण हे पहिल्यांदा परीक्षेच्या खोलीत करू नका, जमत नाही. रोज रात्री झोपताना करा म्हणजे शरीराला ओळख होते.

तिसरं, झोप. आपल्या वयाला आठ तास तरी लागतात असं डॉक्टर सांगतात. मला सातच्या वर जमलं नाही, पण दोन वाजेपर्यंत जागणं बंद केलं. पहाटेच्या कोऱ्या कागदावर फरक लगेच दिसला.

आणि रोज अर्धा तास अंगाला काम. मी रानात म्हशीला वैरण आणायला जायचे. घरातले म्हणाले, दहावीला आहेस, राहू दे. मीच सोडलं नाही. तेवढाच वेळ कोणी “किती पडतील?” असं विचारायला नसायचं.

त्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा. लग्नात, दुकानात, एसटीत, कोणीही विचारतं. मी “बघू, मेमध्ये पेढे घेऊन येते,” म्हणायचे आणि लगेच त्यांच्या मुलाचं विचारायचे. विषय बदलतो.

घरच्यांसाठी दोन ओळी. अभ्यास झाला का हे विचारण्याऐवजी जेवलीस का विचारा. शेजारच्या मुलीचे मार्क घरात आणू नका. आणि मूल खायचं सोडतंय, झोपत नाही, कोणाशी बोलत नाही, ‘मी नसले तर बरं’ असलं काही बोलतंय, तर ते नाटक समजू नका. जवळ बसा, ऐका, डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाईन १४४१६ वर दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. मुलांसाठी १०९८ आहे. परीक्षेच्या काळात बोर्डही समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं. तुम्हाला स्वतःला असं वाटत असेल तर घरात, शाळेत, निदान एका मोठ्या माणसाला आजच सांगा. मी ताईला सांगितलं होतं, माझं तेवढ्यावर भागलं. सगळ्यांचं भागतंच असं नाही.

७. पेपरचा दिवस

आदल्या रात्री : हॉलतिकीट, दोन निळी किंवा काळी पेनं, पेन्सिल, कंपासपेटी, पट्टी, साधं काट्याचं घड्याळ, पाण्याची पारदर्शक बाटली. स्मार्टवॉच आणि कॅल्क्युलेटर घरी. अकराच्या पेपरला साडेदहाला वर्गात असायचं. पोट रिकामं ठेवू नका. मला पोळी जायची नाही, मी ताकभात खाऊन जायचे.

उत्तरपत्रिका मिळाली की घाई न करता बैठक क्रमांक लिहा, अंकात आणि अक्षरात. बारकोडचं स्टिकर आपलंच आहे ना ते बघा. पेपर आला की तीन-चार मिनिटं नुसता वाचा आणि जे नक्की येतं त्यावर खूण करा. सुरुवात तिथून. प्रश्नाचे क्रमांक आणि उपक्रमांक पेपरात आहेत तसेच टाका, नवा प्रश्न नव्या पानावर. पुरवणी घेतली तर तिच्यावरही क्रमांक टाका आणि शेवटी नीट बांधा.

भूमितीच्या पेपरला, ७ मार्चला, तिसऱ्या प्रश्नावर असताना भरारी पथक वर्गात आलं. माझ्याकडे लपवायला काही नव्हतं. तरी हात थांबला आणि डोकं धुतलेल्या पाटीसारखं झालं. वाचलेलं वाक्य परत वाचलं, अर्थ लागेना. पेन खाली ठेवलं. दोन्ही पाय जमिनीवर टेकवले, सहा श्वास लांब सोडले. मग लिहायचं सोडून चौथ्या प्रश्नातली रचना घेतली, वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका. कंपास हातात आला की हात आपोआप चालतो, डोक्याला विचारत नाही. रचना होईपर्यंत पथक गेलं होतं आणि तिसरा प्रश्न परत मराठीत दिसायला लागला. म्हणून सांगते, प्रत्येक विषयात असं एक हाताचं काम हेरून ठेवा. विज्ञानात आकृती, भूगोलात नकाशा, बीजगणितात आलेख.

पेपर सुटल्यावर फाटकापाशी उत्तरं जुळवत उभे राहू नका. दिलेला पेपर परत येत नाही, पुढचा मात्र येतोय. इंग्रजीनंतर मी हे केलं आणि दोन मार्कांच्या चुकीपायी हिंदीच्या अभ्यासाची अख्खी संध्याकाळ घालवली.

मधल्या दिवसांत नवीन काही उघडू नका. चुकांची वही, सूत्रं, आकृत्या, एवढंच. आणि माणसासारखं राहा. ९ मार्चच्या रविवारी दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल होती आणि दुसऱ्या दिवशी विज्ञान भाग एक. दुपारपासून शेजारून टीव्हीचा आवाज येत होता. आठपर्यंत बसले, मग शेवटचा तास-दीड तास पप्पांबरोबर मॅच बघितली. सहा चेंडू राखून भारत जिंकला, गावात फटाके वाजले, आणि मी साडेदहाला झोपले. नाहीतरी तेवढा वेळ मी पुस्तकासमोर बसून आवाजच ऐकला असता. धुळवड मात्र सोडली. दुसऱ्या दिवशी इतिहास होता आणि आमच्याकडचा रंग चार दिवस निघत नाही.

८. निकालानंतर

आमचा निकाल १३ मेला लागला. एखाद्या विषयात मार्क फारच कमी वाटले तर गुणपडताळणीचा अर्ज करता येतो. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते. मुदत थोडी असते, म्हणून पहिल्याच आठवड्यात शाळेत विचारा. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळतो, आणि पुरवणी परीक्षा लगेच पावसाळ्याच्या सुरुवातीला होते. आमच्या वर्गातला एकजण गणितात राहिला, पुरवणीला सुटला आणि आज माझ्याच एसटीनं कॉलेजला येतो.

गुणपत्रिकेत बीजगणित आणि भूमिती वेगळी दिसत नाही, गणिताचा एकच आकडा असतो. माझा ८१. त्यात भूमितीचे किती ते मला अजून माहीत नाही. १७ चा तो पेपर चुकांच्या वहीच्या पहिल्या पानाला टाचलेला आहे. वही सध्या काकूंच्या मुलाकडे आहे. काल परत करायला आला होता, म्हणाला, “ताई, यात ‘ह’ फार आहेत गं.” म्हटलं, ठेव अजून दोन महिने, आणि मागच्या कोऱ्या पानांवर तुझे लिहायला घे.